ताक प्या, गोळ्या सोडा?

‘रोज वाटीभर दही किंवा प्रोबायोटिकची (उपयोगी जिवाणूंची) कॅप्सूल घ्या, आतड्याची सूज मुळापासून जाते, गोळ्या बंद करा.’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण पोट बिघडलं की घरात आधी ताकच पुढे येतं.

इथे दोन आजारांची गल्लत होते. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आतडं हळवं होतं, पण त्याला जखमा नसतात. आयबीडीमध्ये (आतड्याच्या सुजेचे आजार), म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्समध्ये, स्वतःची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते आणि तिथे सूज, जखमा होतात.

मग प्रोबायोटिक अगदीच निरुपयोगी? तसंही नाही. १९१७ साली एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केलेला ई. कोलाय या जिवाणूचा एक निरुपद्रवी वाण कोलायटिस पुन्हा उसळू न देण्यात मेसालामाइन या कोलायटिसवरच्या नेहमीच्या औषधाच्या जवळपास जाणारा ठरला. पण तो त्या एका वाणाचा गुण, सगळ्या जिवाणूंचा नव्हे. क्रोन्समध्ये तर प्रोबायोटिकचा ठोस फायदा दिसलेला नाही. विरजणात कोणते वाण आहेत, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? (आणि कढी उकळली की तेही बहुतेक मरतात.)

पडताळायचं असेल तर डबीवर वाणाचं पूर्ण नाव, क्रमांकासकट, आहे का बघा. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ म्हणजे पत्त्यात फक्त ‘पुणे’ लिहिण्यासारखं. बरं वाटतंय म्हणून सूज गेली असं धरू नका. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी ते सांगते. दही पचत असेल तर खुशाल खा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर कॅप्सूलही त्यांना विचारूनच घ्या.