साध्या अकादियन घराचे वारसामूल्य : पार्श्वभूमी

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात एखाद्या मच्छीमाराचे किंवा गिरणी कामगाराचे जुने अकादियन (पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचे) घर वारसा-यादीत घ्यायचे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो : यात अकादियन असे काय आहे? दीड मजला, दुपाखी छप्पर, बाहेरून सीडरच्या शिंगल, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पातळ लाकडी चकत्या. शेजारच्या इंग्रज किंवा आयरिश कामगाराचे घरही असेच दिसते.

आक्षेप खरा आहे, आणि त्याचे कारण इतिहासातच आहे. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी अकादियनांना हद्दपार केले, तेव्हा त्यांची वेगळ्या धाटणीची घरे जाळली गेली. ती कशी होती हे नोव्हा स्कोशियातील बेलआइलच्या १९८० च्या दशकातल्या उत्खननातून उमगले : लाकडी सांगाडा आणि त्यात कुडाच्या भिंती, म्हणजे माती आणि खाजणातले गवत एकत्र मळून भरलेल्या. १७६४ नंतर परतायला परवानगी मिळाली, पण जुन्या सुपीक खाजणजमिनी दुसऱ्यांच्या हाती गेल्या होत्या. मिळेल त्या किनाऱ्यावर, मिळेल त्या लाकडाने पुन्हा सुरुवात झाली. पुढे जर्सी बेटावरच्या व्यापाऱ्यांच्या उधारीत अडकलेल्या मच्छीमाराने किंवा मॉन्क्टनच्या रेल्वे कारखान्यात लागलेल्या कामगाराने करवतगिरणीतून आलेल्या मापाच्या फळ्यांनी घर बांधले. त्यामुळे दर्शनी भागात अकादियन खूण शोधणे हाच चुकीचा निकष आहे.

खरा गुंता ‘मूल्य’ या शब्दात आहे. वारसास्थळांच्या जतनासाठीच्या २००३ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी वारसामूल्यात सौंदर्य, इतिहास, विज्ञान, संस्कृती, समाज आणि अध्यात्म या सहाही अंगांचे महत्त्व धरले. त्याआधी भूसंपादनात मात्र घराचे मूल्य म्हणजे बाजारभाव. हा फरक किती महागात पडला ते याच प्रांताच्या किनाऱ्यावरच्या कूशिबूगॅकला दिसते. १९६९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान ठरले. भूसंपादन प्रांताने केले आणि उद्यान केंद्राच्या ताब्यात गेले. दोनशेहून अधिक कुटुंबे, सुमारे १,२०० माणसे, बहुतेक अकादियन, घराबाहेर पडली. घर लहान, जमीन रेताड, मासेमारीचे उत्पन्न तुटपुंजे, म्हणून भरपाईही तुटपुंजी. अंगण, खाडीवरचा धक्का, शेजार यांची किंमत कोणत्याच रकान्यात बसली नाही. रिकामी झालेली बरीच घरे पाडली किंवा जाळली गेली. हटायला तयार नसलेल्या एका प्रकल्पग्रस्ताचे घर १९७६ मध्ये बुलडोझरने पाडण्यात आले.

आणि १९७७ मध्ये त्याच किनाऱ्यावर उत्तरेला, काराकेटजवळ, जुनी अकादियन घरे मुळापासून हलवून उभे केलेले खुले संग्रहालय सुरू झाले. सुरुवातीचा भर अठराव्या-एकोणिसाव्या शतकावर होता. विसाव्या शतकाचा विभाग नंतर जोडला गेला. म्हणजे जुनी घरे जपण्याजोगी ठरत असताना, माणसे राहत असलेली घरे अडथळा ठरत होती. संग्रहालयाचे काम मोलाचे आहे, पण हलवलेल्या घराची वस्ती मागेच राहते. साध्या घराचे निम्मे मूल्य त्या वस्तीत असते, म्हणून जागेवरच्या नोंदीला पर्याय नाही. कूशिबूगॅकच्या अनुभवानंतर नव्या राष्ट्रीय उद्यानांसाठी सक्तीचे भूसंपादन थांबले, हेही इथे नोंदवायला हवे.

आजच्या नोंदीत तीन भाग असतात : वर्णन, वारसामूल्य आणि वैशिष्ट्यदर्शक घटक, म्हणजे ज्यांत ते मूल्य आहे असे जपायचे भाग. चुका बहुधा तिसऱ्यात होतात. ‘मूळ शिंगल’ असे लिहिले जाते, पण त्या नंतर लावलेल्या व्हायनिलच्या (प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या) आवरणाखाली असतात. अशा आवरणामागे ओल अडकून राहू शकते. जोत्यावरची आडवी तुळई आधी कुजते, विशेषतः खिडकीखाली आणि कोपऱ्यात. आवरणाची खालची एक पट्टी उचलून आरीने, म्हणजे टोकदार टोच्याने, टोचून पाहावे. आरी सहज आत गेली तर तेवढाच तुकडा कापून त्याच जातीचे लाकूड सांधावे. दगडी जोत्याच्या सांध्यांत सिमेंट भरू नये, चुना भरावा. सिमेंटमुळे ओल दगडात आणि लाकडात अडकते. हिवाळ्यात थंडी अडवायला जोत्याभोवती समुद्री गवत रचण्याची जुनी पद्धत होती. ते वसंतात काढले नाही तर तुळई तिथूनच सडते.

वय ठरवतानाही घाई नको. तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. त्याआधी पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे. पण गरीब माणूस जुने वासे आणि जुने खिळे पुन्हा वापरतो. लाकडातली वृक्षवलये मोजून वय काढण्यासाठी सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा नमुना काढतात, आणि झाड तोडल्याचे नेमके वर्ष कळायला त्यावर सालीलगतचे शेवटचे वलय असावेच लागते. एकाच वाशाच्या नमुन्यावर घराचे साल लिहिले तर ते कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. तळमजल्याची तुळई, माळ्याची कडी आणि छपराचा वासा असे निदान तीन जागचे नमुने घ्यावेत.

मागच्या बाजूचे उन्हाळी स्वयंपाकघर नोंदीत ‘नंतरची भर’ म्हणून येते आणि दुरुस्तीत सर्वांत आधी तेच पाडले जाते. उन्हाळ्यातला स्वयंपाक, कपडे धुणे, हिवाळ्याची साठवण ही घरातली निम्मी कामे तिथे होत होती. वैशिष्ट्यदर्शक घटकांत त्याचे नाव स्वतंत्र ओळीत, मापांसह लिहावे.