विणलेली घासणी

भांडी, ओटा किंवा सिंक घासण्यासाठी लोकरीचा अथवा सुती धाग्याचा घरी विणलेला जाडसर तुकडा म्हणजे विणलेली घासणी. ती तळहातात मावेल एवढी, साधारण 10 सेंटिमीटरची, गोल किंवा चौकोनी असते. दोन सुयांवरही ती होते, पण पुण्यात क्रोशाची घासणी अधिक दिसते. रुमाल, तोरणे, बाळाची कुंची विणून हात बसलेल्या बायकांना ती एका बैठकीत होणारी वस्तू वाटते. शिवाय डब्यात साठलेल्या लोकरीच्या उरल्यासुरल्या गुंड्या मार्गी लागतात.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत घासायला पूर्वी नारळाची शेंडी, राख आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी असे; तांब्या-पितळेला चिंच. नंतर तारेची घासणी आणि हिरवा स्क्रबर आला. विणलेल्या घासणीच्या एका प्रसिद्ध प्रकाराचे नाव जपानी आहे. जपानमध्ये निशिओ शोझाएमोन यांनी 1907 मध्ये पामच्या काथ्याची ‘कामेनोको तवाशी’ तयार केली. अशा घासण्यांचे ‘तवाशी’ हे नाव पुढे कृत्रिम लोकरीच्या घासणीलाही लागले आणि ती ‘ॲक्रिलिक तवाशी’ झाली. कोरियात याच कामासाठी चमकदार, केसाळ पॉलिएस्टर धागा वापरतात.

गोल घासणीची सुरुवात धाग्याच्या कडीत 6 मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, घालून होते. पुढच्या फेऱ्यांत 12, 18, 24 असे दर फेरीला सहा-सहा टाके वाढवले की चकती सपाट राहते. वाढ कमी पडली तर तिची वाटी होते, जास्त झाली तर कडेला झालर सुटते. अशा दोन चकत्या पाठीला पाठ लावून जोडल्या की घासणीला अंग येते. शेवटी साखळ्यांची एक टांगणी ठेवायचीच, नाहीतर घासणी सिंकच्या कोपऱ्यात ओलीच पडून राहते. दोन सुयांवर विणताना दोन्ही बाजूंनी फक्त सुलट टाके घालतात. त्याने उठणारे आडवे कंगोरेच खरे घासायचे काम करतात.

धाग्याची निवड मात्र डोळसपणे करावी. ॲक्रिलिक लोकर पाणी फारसे धरत नाही, लवकर वाळते, आणि पेल्यावरचा किंवा ताटावरचा हलका तेलकटपणा थोड्या साबणातही काढते. पण ते प्लास्टिकच आहे: गरम तव्याला लावले तर मऊ पडून आखडते, आणि झिजताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर गटारात जातात. सुती धागा उकळत्या पाण्यात निर्धास्त टाकता येतो, पण ओला राहिला की कुबट वास धरतो. पावसाळ्यात तर हमखास. फ्रॉकच्या घेरात घालतात त्या कडक नेटच्या पट्ट्या कापून विणलेली घासणी सर्वांत खरखरीत होते, मात्र विणताना बोटे भरून येतात. पांढरा धागा कोणताही असो, हळदीपुढे टिकत नाही. उन्हात ठेवल्यावर पिवळेपणा बराच उतरतो, पण गडद रंग घेतलेला बरा.

काचेची भांडी, कप, नॉनस्टिक पॅन आणि रोजची स्टीलची ताटे-वाट्या यांवर ही घासणी उत्तम, कारण चरे पडत नाहीत. करपलेले दुधाचे पातेले किंवा लोखंडी तवा तिच्या आवाक्याबाहेरचा. तिथे तारेची घासणीच लागते. वडीचा साबण विणीत अडकून बसतो, म्हणून पातळ साबण सोयीचा. पुण्यात अनेक घरी भांडी घासायला मावशी येतात, आणि घासणी टिकणार की नाही हे बहुधा त्यांच्या हातावर ठरते. घाईत ढीगभर भांडी उरकायची असताना मऊ घासणी कोणाला आवडेल? त्यामुळे घरची माणसे चहाचे कप विसळतात तिथे ती रुळते, ढीगभर भांडी घासायच्या वेळी बाजूला पडते.

लोकर आणि क्रोशाच्या सुया पुण्यात तुळशीबागेच्या परिसरात मिळतात. संक्रांत ते रथसप्तमी चालणाऱ्या हळदीकुंकवात वाण म्हणून लुटायला ही घासणी सोयीची: स्वस्त, हलकी, वापरात येणारी. विकायला ठेवल्यास मात्र गणित जमत नाही. एका पदरी घासणीला धागा जेमतेम 10 ते 12 ग्रॅम लागतो, वेळ मात्र तास-अर्धा तास. आणि गिऱ्हाईक भाव करते तो दुकानातल्या स्क्रबरच्या किमतीशी तुलना करून.

वापरानंतर ती पिळून टांगावी आणि अधूनमधून उन्हात घालावी. वीण सैल पडली की टाकून द्यावी: ॲक्रिलिकची सुक्या कचऱ्यात. निव्वळ सुती असेल तर बारीक कापून घरच्या खताच्या टोपलीतही चालते.