जुन्या गुन्ह्यांची गावचर्चा (विदर्भ)

जुन्या गुन्ह्यांची गावचर्चा : कित्येक वर्षांपूर्वी घडलेल्या आणि उलगडा न झालेल्या खुनाचा, दरोड्याचा किंवा संशयास्पद मृत्यूचा छडा गावकऱ्यांनी आपसांतल्या वादातून लावू पाहण्याची रीत. तपास थंडावतो, कागद बंद होतात, फिर्यादी वारतो. चर्चा मात्र चालू राहते. ती पारावर, चावडीत, पानठेल्यावर, न्हाव्याच्या दुकानात होते हे सर्वश्रुत आहे. एका ठिकाणाची मात्र फारशी नोंद घेतली गेलेली नाही. १९७० च्या दशकात एकाधिकार कापूस खरेदी योजना (कापूस फक्त सरकारी यंत्रणेने विकत घ्यायचा) सुरू झाल्यावर खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या आणि नंबर येईपर्यंत शेतकऱ्यांना कित्येकदा रात्री तिथेच काढाव्या लागत. एका गावचा खून दहा गावांचा होण्याला या रांगांनी मोठा हातभार लावला असावा.

उगम : या रीतीचे मूळ तीन ठिकाणी शोधता येते. पहिले म्हणजे ग्रामरक्षणाची जुनी व्यवस्था. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये दिलेल्या अहवालात चोरीची जबाबदारी गावावर कशी असे याचे वर्णन आहे. चोराचा माग गावच्या राखणदाराने काढायचा. माग शिवेपलीकडे गेला, की तो पुढच्या गावाच्या हवाली करायचा. ज्या गावाच्या हद्दीत माग विरला, त्याने चोर द्यायचा, नाहीतर भरपाई भरायची. म्हणजे गुन्हा कोणी केला यापेक्षा माग कोणाच्या शिवेत संपला या प्रश्नाला पैशाचे मोल होते, आणि गावातल्या प्रत्येक कर्त्या माणसाला त्यात बोलण्याचे कारण होते.

हा नियम वऱ्हाडाला जसाच्या तसा लावणे मात्र धाडसाचे ठरेल. एल्फिन्स्टनचा अहवाल पेशवाई मुलखापुरता आहे. वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील हक्क संपला आणि १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. महसूल दोघांनी वसूल करायचा आणि बंदोबस्ताची जबाबदारी दोघांनीही टाळायची, अशा काळात भरपाई कोणी कोणाला दिली असेल हे सांगणे कठीण आहे. तरीही जागल्याचे (गावच्या राखणदाराचे) काम आणि गावच्या शिवेची कल्पना दोन्हीकडे सारखीच असल्याने मागाची पद्धत वऱ्हाडातही कोणत्या ना कोणत्या रूपात असावी, असे मानायला जागा आहे.

दुसरे मूळ गोतसभेत (वतनदार आणि गावकरी यांच्या न्यायसभेत) आणि दिव्यात दाखवता येते. मराठा काळात वतनाचे वाद आणि क्वचित गुन्हेही तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्यासारख्या दिव्यांनी मिटवले जात. बेलभंडार (बेलाचे पान आणि हळद) उचलून शपथ घेण्याची चाल त्याहून सौम्य आणि अधिक टिकाऊ ठरली. परंतु दिव्य वाद संपवण्यासाठी असते. गावचर्चा तो संपू देत नाही. तिसरे मूळ ठगीविरोधी मोहिमेतील माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांत. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात अशा जबान्यांवरून जुने, कोणाला माहीतही नसलेले खून उकरून काढले. तो प्रकार सरकारी होता आणि गावाच्या बोलण्यावर त्याचा परिणाम किती झाला याविषयी शंका घेता येते. या तिघांत पहिले मूळ अधिक पटते. त्याचे कारण खाली संशयितांच्या संदर्भात दिले आहे.

या प्रदेशातील जुन्या वादग्रस्त मृत्यूंपैकी सर्वांत परिचित मृत्यू गावातला नसून राजवाड्यातला आहे. नागपूरचा परसोजी भोसले १ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी बिछान्यात मृतावस्थेत आढळला. त्या वेळी त्याचा चुलतभाऊ आप्पासाहेब चांद्याला (आजचे चंद्रपूर) होता. खुनाचा आरोप आप्पासाहेबावर ठळकपणे आला तो त्याने इंग्रजांशी युद्ध केल्यानंतर, म्हणजे नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर. आरोप खोटाच होता असे यावरून सिद्ध होत नाही. पण संशयिताचे नाव केव्हा पक्के झाले हे पाहिल्याखेरीज ते स्वीकारू नये, एवढे निश्चित.

पूर्व व पश्चिम विदर्भातील भेद : वऱ्हाडात (अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ) रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई. गावचा कारभार पाटील आणि पटवारी पाहत आणि पोलिसांचे कामही पाटलाकडे असे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा भाग १८६१ पासून मध्य प्रांतात होता. तिथे मालगुजार गावाचा मालक, मुकद्दम त्याचा कारभारी आणि कोतवाल (कोटवार) चौकीदार. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, तरी हा फरक लगेच पुसला गेला नाही. त्याचा परिणाम चर्चेवरही दिसतो. मालगुजारी गावातल्या जुन्या खुनाच्या कथेत वाड्यावरच्या मालकाने प्रकरण दाबले हे कलम बहुधा असतेच. वऱ्हाडातल्या कथेत त्याची जागा भाऊबंदकी आणि धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद घेतो. १९६० च्या दशकात वंशपरंपरागत पाटीलकी गेली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमान्वये नेमलेला पोलीस पाटील आला. गावात प्रेत सापडले किंवा गुन्हा घडला, तर ठाण्याला कळवणे हे त्याचे काम. जुन्या प्रकरणात त्याने काय कळवले आणि काय कळवले नाही, हा वादाचा ठरलेला मुद्दा असतो.

कागदपत्रे : लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ मध्ये झालेल्या खुनांवर जगभरचे हौशी तपासनीस आजही वाद घालतात. त्यांच्यापुढे निदान पोलीस अधिकारी मॅक्नॉटन याच्या १८९४ च्या टिपणासारखे, तीन संशयितांची नावे देणारे कागद आहेत. विदर्भातल्या गावकऱ्यांपुढे असे टिपण नसते. जे असते त्यात कोतवाल बुक हे सर्वांत मोलाचे. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाने ठाण्यात कळवायचे आणि तिथे त्यांची नोंद व्हायची. आज ही नक्कल मुख्यतः जातीच्या दाखल्यासाठी काढली जाते. त्यातला मृत्यूच्या कारणाचा रकाना पटकी, देवी, ताप, हगवण, इजा अशा ठरावीक शीर्षकांचा. ज्याला विष दिले अशी गावाची समजूत आहे त्याच्या नावापुढे ‘ताप’ लिहिलेला सापडला, की एक पक्ष त्याला लपवाछपवीचा पुरावा मानतो. वस्तुतः त्या काळी निदान न झालेले पुष्कळसे मृत्यू तापातच जमा होत. त्यामुळे या शब्दावर फार भार टाकता येत नाही.

अनैसर्गिक मृत्यूची पहिली नोंद विदर्भातल्या ठाण्यांत ‘मर्ग’ म्हणून होते. मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि विषाचा संशय असल्यास नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवलेला व्हिसेरा (शरीरातील अवयवांचे नमुने), हे त्याचे पुढचे टप्पे. हे कागद मिळवण्याचा एक मार्ग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने खुला केला आणि तो अजून पुरेसा वापरला गेलेला नाही. तपासात अडथळा येईल या कारणाने माहिती नाकारता येते. पण कलम ८(३) नुसार २० वर्षांहून जुन्या घटनेबाबत ही सबब चालत नाही. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद तेवढे राहतात. अर्थात कागदच मुदतीप्रमाणे नष्ट झाले असतील, तर हक्क असूनही हाती काही येत नाही.

कायद्याची बाजू : चर्चेत ‘केस मेली’ हा निर्णय फार सहज दिला जातो. उलगडा न झालेला खून महाराष्ट्रात ‘अ समरी’त बंद होतो. याचा अर्थ गुन्हा खरा, आरोपी अज्ञात किंवा पुरावा अपुरा. फिर्याद जाणूनबुजून खोटी निघाली तर ‘ब’. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘क’. अ समरीला दंडाधिकाऱ्याची मान्यता मिळाली, तरी नवा पुरावा आल्यास पुढील तपास करता येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १९३(९) मध्ये आहे. मुदतीची अट फक्त हलक्या गुन्ह्यांना आहे. केवळ दंडाच्या गुन्ह्याला ६ महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला १ वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याला ३ वर्षे. खून आणि दरोडा यांना मुदत नाही. बारा वर्षांची जी गोष्ट पारावर सांगितली जाते ती जमिनीच्या ताब्याची. तिचा खुनाशी काही संबंध नाही.

विहिरीतील मृत्यू : पडीक विहिरीत सापडलेले प्रेत हा गावचर्चेचा सर्वांत आवडता आणि सर्वांत निसरडा विषय. पडला, उडी घेतली की मारून टाकला, असे तीन पक्ष असतात आणि तिघेही पोटात पाणी होते की नव्हते यावर अडून बसतात. पोटातले पाणी निर्णायक नसते. बुडण्याआधी प्यालेलेही ते असू शकते. श्वासमार्गातला फेस, फुगलेली फुप्फुसे, मुठीत घट्ट धरलेले गवत वा चिखल ही चिन्हे अधिक बोलकी. पण प्रेत कुजले की ती नाहीशी होतात. पाण्यातील डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल हाडांच्या मगजात सापडले आणि ते त्याच विहिरीतल्या पाण्याशी जुळले, तर माणूस पाण्यात जिवंत पडला असे मानण्याकडे कल असतो. या चाचणीच्या विश्वासार्हतेबद्दलही तज्ज्ञांत दुमत आहे. प्रेत वर कधी आले यावरून मृत्यूची वेळ सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. साधारणपणे उन्हाळ्यात ते एका दिवसात आणि थंडीत दोन-तीन दिवसांत तरंगते. पण विहिरीची खोली, पाण्याचा गारवा आणि अंगावरचे कपडे यांनी हा हिशेब बदलतो.

कापसाच्या पट्ट्यात याला विषाचा प्रश्न जोडला जातो. एंड्रिन हे कीटकनाशक एकेकाळी घरोघरी असे आणि विष पिणे म्हणजे एंड्रिन पिणे असाच अर्थ होता. त्यावर १९९० मध्ये बंदी आली. पाजले की प्याले, हे व्हिसेऱ्यावरून कळत नाही. प्रयोगशाळा विष कोणते ते सांगते, हात कोणाचा ते सांगत नाही. या एका मर्यादेवर कित्येक चर्चा वर्षानुवर्षे उभ्या आहेत.

काळ ठरवणे : जुन्या घटनेची तारीख कोणालाच सांगता येत नाही. ती सणांवरून आणि आपत्तींवरून लावली जाते : पोळ्याच्या करीला, ७२ च्या दुष्काळाआधी, नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडच्या पुराच्या साली (३० जुलै १९९१). सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, त्यामुळे अमुक गडी तेव्हा कोणाकडे होता हे आठवले, की घटना पाडव्याच्या अलीकडची की पलीकडची ते ठरते. ही पद्धत वाटते तेवढी कच्ची नाही. कागदावरच्या तारखेशी ती ताडून पाहता येते आणि बऱ्याचदा संशयिताची ‘मी तेव्हा गावातच नव्हतो’ ही सबब इथेच टिकते किंवा पडते.

संशयित : गावचर्चेतल्या संशयितांचा क्रम पाहिला, तर मागाच्या जुन्या पद्धतीशी त्याचे साम्य लक्षात येते. नाव आधी शिवेबाहेर शोधले जाते. फिरते विक्रेते, मेंढपाळ, बाहेरगावचा जावई आणि सर्वांत आधी पारधी. वाद कितीही तासांचा असो, माग पलीकडच्या गावात पोचवण्याकडे त्याचा कल असतो. आता भरपाई नाही, एवढाच फरक. पारध्यांसारख्या जमातींवरचा ठपका १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अधिकृत केला. तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, पण बोलण्यातला ठपका गेला नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या फासेपारध्यांच्या बेड्यांवर (वस्त्यांवर) चोरीनंतर पहिली धाड पडते ही त्या समाजाची जुनी तक्रार आहे. गावातला माणूस चर्चेत येतो तो बहुधा मेल्यानंतर. मृत संशयिताला दोष देणे निर्धोक समजले जाते, तेही पूर्णतः खरे नाही. कुटुंबीयांचे मन दुखावण्याच्या हेतूने मृताची बदनामी केल्यास तोही गुन्हा होतो. हा नियम १८६० च्या दंडसंहितेपासून आहे.

गुप्तधनासाठी नरबळी दिल्याचा संशय हा वेगळा प्रकार. मूल हरवले आणि जवळपास जुनी गढी असली, की ही शक्यता हटकून मांडली जाते. २०१३ च्या नरबळी व जादूटोणा विरोधी कायद्यानंतर असे संशय ठाण्यापर्यंत नेणे सोपे झाले. त्याआधीच्या पुष्कळ कथांना मात्र हरवलेल्या मुलापलीकडे आधार नाही. भगताकडे जाऊन चोराचे नाव काढण्याची चालही याच वर्गातली. तिच्यातून निघालेले नाव पुढे गावचर्चेत पुराव्याच्या तोऱ्याने वावरते.

स्त्रियांमधील चर्चा : निंदणी आणि वेचणीच्या ओळीत होणाऱ्या या चर्चेचा स्वतंत्र अभ्यास हवा. सासरी जाळलेल्या वा विहिरीत सापडलेल्या सुनेविषयी घरातल्या घरातली माहिती तिथे असते, पारावर नसते. १९८३ मध्ये दंडसंहितेत नवरा व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविषयीचे कलम ४९८-अ आल्यानंतर तिचा काही भाग जबाबांतून कागदावर आला.

झाडीपट्टी व गडचिरोली : भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत चर्चेचे स्वरूप मालगुजारी भागासारखेच आहे. १९८२ मध्ये स्वतंत्र झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील माडिया आदिवासींच्या गावांत, खबरी असल्याच्या संशयावरून झालेल्या नक्षली हत्यांच्या काळात कोणाचेही नाव घेणे जिवावर बेतणारे होते. तिथे ही रीत पारावर फारशी आली नाही.