एल आणि बाअल: उगारितच्या देवांचा राजा नेमका कोण?

उगारित या प्राचीन शहराचं देवकाव्य पहिल्यांदा वाचताना गोंधळ होतोच. एल हा देवांचा पिता आणि राजा, त्याला 'बैल एल' म्हणतात. बाअललाही राजा म्हणतात आणि बैलाची प्रतिमा त्याच्याशीही जोडलेली आहे. पण दोघे अगदी वेगळे आहेत.

सीरियाच्या किनाऱ्यावर, लताकियाजवळच्या रास शमरा टेकाडात, म्हणजे उगारितच्याच जागी, १९२९ साली उत्खनन सुरू झालं. तिथे ३० चिन्हांच्या कीलाक्षरी वर्णमालेत लिहिलेल्या मातीच्या पाट्या मिळाल्या. इलिमिल्कू नावाच्या लेखनिकाच्या हातची बाअलकथा त्यातल्या सहा पाट्यांवर आहे.

बाअल वादळाचा देव, ढगांवर स्वार होणारा. त्याचा डोंगर साफोन, म्हणजे आजचा जबल अक्रा. लूव्रमधल्या शिल्पात तो गदा उगारून पाऊल पुढे टाकतो. एल मात्र पांढऱ्या दाढीचा, नद्यांच्या उगमापाशी राहणारा वृद्ध. तो लढत नाही. म्हणून त्याला निवृत्त, दुबळा देव समजण्याकडे कल असतो. मला हे वाचन साफ चुकीचं वाटतं.

समुद्रदेव यामला हरवल्यावरही बाअलला स्वतःचा महाल नसतो. तो बांधायला एलची परवानगी लागते. ती मिळवायला एलची पत्नी अथिरात गाढवावर बसून त्याच्याकडे जाते. एल तिला पाहून हसतो, खायला-प्यायला विचारतो आणि होकार देतो. मगच कारागीर देव कोथर कामाला लागतो.

पुढे मृत्युदेव मोत बाअलला गिळतो. बातमी ऐकून एल सिंहासनावरून पादपीठावर, तिथून जमिनीवर उतरतो, डोक्यावर धूळ ओततो, गाल ओरबाडतो. संपूर्ण काव्यात मला हाच प्रसंग सर्वांत हलवतो, कारण याच एलने आधी बाअलला यामच्या स्वाधीन करायला संमती दिली होती. बाअलची बहीण, देवी अनात मोतला कापते, पाखडते, जाळते, दळते. आभाळातून तेल बरसतंय आणि ओढ्यांतून मध वाहतोय, असं स्वप्न पडतं तेव्हा एलला कळतं की बाअल जिवंत आहे.

उगारितच्याच अकहातच्या कथेतही शेवटचा शब्द एलचाच. निपुत्रिक दानेलसाठी रदबदली करतो बाअल, आशीर्वाद देतो एल.

बाअलकथेच्या अखेरीस बाअल आणि मोत झुंजतात. दोघेही तुल्यबळ, दोघेही कोसळतात. तेव्हा सूर्यदेवी शापाश मोतला बजावते की एलच्या कानावर गेलं तर तो तुझं सिंहासन उलथवेल. मोत घाबरतो आणि माघार घेतो.