काकांचे गार पाय

खानापूर तालुक्यात पावसाळाभर घरात ओल असतेच, त्यामुळे आमच्या काकांचे पाय गार पडू लागले तेव्हा सर्वांनी दोष पावसाला दिला. त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी, असल्याचे निदान होऊन तोवर वर्ष उलटले होते. दिवसभर खुर्चीत बसल्याने संध्याकाळी घोटे सुजत आणि पावलांवर पिकू लागलेल्या जांभळाचा रंग चढे. काकू ती पावले मांडीवर घेऊन चोळत आणि म्हणत, "रक्तच उतरत नाही बघा खाली." खरे तर रक्त उतरत होते, वर चढताना अडत होते.

एमएनडीमध्ये स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतापेशी मरत जातात. फ्रेंच डॉक्टर झाँ-मार्तें शार्को यांनी 1869 पासून या रोगाचे जे वर्णन केले, त्याचा भर हालचालीवरच होता, आणि इच्छेविना चालणाऱ्या कामांना, म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेला, हा रोग शिवत नाही अशी समजूत पुढे बराच काळ टिकली. लघवी व शौचाच्या वाटा आवळून धरणारे स्नायू बहुतेक रुग्णांत अखेरपर्यंत शाबूत राहतात, हे या समजुतीला पोषकच होते.

ही समजूत पुरती खरी नाही. मनगटावर बोटे ठेवून सावकाश खोल श्वास घेतला तर नाडी किंचित वेगाने पडते आणि श्वास सोडताना मंदावते. स्वायत्त चेतासंस्था हृदयाचा लगाम क्षणाक्षणाला ओढते आणि सैल सोडते, त्याची ही खूण आहे. एमएनडीच्या अनेक रुग्णांत हा चढउतार कमी झालेला आढळतो, तर काहींचे ठोके विश्रांतीतही जलद असतात. पायाच्या मज्जातंतूत अतिशय बारीक सुई ठेवून केलेल्या मोजणीत अनुकंपी संदेशांची, म्हणजे शरीराला सावध ठेवणाऱ्या संदेशांची, वर्दळ वाढलेली दिसली आहे. याउलट काही रुग्णांच्या शवविच्छेदनात मज्जारज्जूतील अनुकंपी चेतापेशींची संख्या घटलेली आढळली. एकीकडे वर्दळ वाढलेली आणि दुसरीकडे पेशी घटलेल्या, हे विसंगत वाटते खरे. पण आवर घालणारी यंत्रणा आधी ढिली पडत असेल आणि पेशींची झीज नंतर होत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच रोगात बसू शकतात. वर्षानुवर्षे व्हेंटिलेटरवर असलेल्या काही रुग्णांत रक्तदाब एकाएकी चढणे आणि कोसळणे, हेही नोंदले गेले आहे.

मात्र प्रत्येक तक्रारीचे खापर या संस्थेवर फोडू नये. तोंडातून लाळ गळते ती बहुधा जास्त सुटते म्हणून नव्हे, तर गिळली जात नाही म्हणून. धडधाकट माणूसही दिवसाला साधारण 1 लिटर लाळ नकळत गिळत असतो. ती कमी करण्यासाठी ग्लायकोपायरोलेटसारखे औषध देतात, आणि गंमत अशी की ते परानुकंपी संदेश, म्हणजे याच संस्थेचे लाळ आणि पचन चालू ठेवणारे संदेश, अडवूनच काम करते, त्यामुळे बद्धकोष्ठता वाढू शकते. आतड्यांची गती या रोगात आधीच मंदावलेली असू शकते. त्यात कुंथायला पोटाच्या स्नायूंचे बळ उरत नाही आणि ठसका लागेल या भीतीने रुग्ण पाणी कमी पितो. काकांच्या बाबतीत हे सारे एकत्र आले होते, आणि लाळेचे औषध सुरू झाल्यावर शौचाची तक्रार का वाढली, हे घरात कोणालाच उमगेना.

उभे राहताच रक्तदाब खूप घसरून भोवळ येणे हे मात्र एमएनडीत फारसे आढळत नाही. तसे वारंवार होत असेल तर औषधे आणि निदान, दोन्ही पुन्हा तपासायला हवीत.

आता पुन्हा पायांकडे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतले रक्त वर ढकलतात. स्नायू थांबले की हा पंप थांबतो. त्यातच अनुकंपी तंतूंनी कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या तर पाऊल आणखी गार पडते. लोकरी मोजे आणि पाय उंच ठेवणे यांनी काकांना बराच आराम पडला, आणि काकूंचे चोळणेही सुरूच राहिले. फक्त दोहोंपैकी एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी पाय मुळीच चोळू नये, आणि पाऊस उघडण्याची वाट न पाहता त्याच दिवशी बेळगाव गाठावे.