कॉर्नर बदलला की ट्रान्झिस्टरमध्ये नेमके काय बदलते?

चाकणमध्ये तयार होणाऱ्या मोटारीतली चिप लेहच्या हिवाळ्यातही चालली पाहिजे आणि मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात तापलेल्या इंजिनाशेजारीही. म्हणूनच वाहनांसाठीच्या अनेक चिप्सना उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात काम करून दाखवावे लागते. तापमानाचे हे आव्हान सहज लक्षात येते. पण त्याच्या जोडीला आणखी एक आव्हान असते, आणि ते चिप कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच तिच्यात उतरलेले असते. ट्रान्झिस्टरमधला प्रवाह नियंत्रित करणारे टोक म्हणजे गेट; त्याखालचा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. ही जाडी, सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या अशुद्धींचे प्रमाण आणि प्रवाह जिथून वाहतो त्या चॅनेलची लांबी प्रत्येक वेफरवर, म्हणजे चिप्स घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, तंतोतंत सारखी येत नाही. चकल्यांचा एक घाणा दुसऱ्यापेक्षा थोडा लालसर निघतो आणि एकाच घाण्यातल्या दोन चकल्याही हुबेहूब सारख्या नसतात, तसेच हे दोन पातळ्यांवरचे फरक आहेत.

पहिल्या पातळीवरचा फरक, म्हणजे सगळे ट्रान्झिस्टर एकाच दिशेने सरकणे, हा कॉर्नरचा विषय; अशा सरकण्याच्या ठरावीक परिस्थितींना कॉर्नर म्हणतात. शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमधला फरक कॉर्नरमध्ये दिसत नाही, त्यासाठी माँटे कार्लो सिम्युलेशन (आकडे यादृच्छिकपणे बदलून पुन्हा पुन्हा केलेले) वेगळे करावे लागते. चिप बनवणारी फाउंड्री ट्रान्झिस्टरचे वर्तन आकड्यांत सांगणाऱ्या आपल्या मॉडेल फाइलमध्ये पाच ठरावीक परिस्थिती देते: टीटी, एफएफ, एसएस, एफएस आणि एसएफ. एनमॉस आणि पीमॉस हे ट्रान्झिस्टरचे दोन प्रकार; पहिले अक्षर एनमॉसचे आणि दुसरे पीमॉसचे, टी म्हणजे नेहमीचा, एफ म्हणजे वेगवान आणि एस म्हणजे मंद. यांपैकी शेवटच्या दोघांकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. एक प्रकार वेगवान आणि दुसरा मंद झाला की सर्किटचा सरासरी वेग टीटीच्या जवळपासच राहतो आणि सगळे आलबेल असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात इन्व्हर्टर (इनपुट उलटे करून देणारे छोटे सर्किट) ज्या व्होल्टेजला पलटतो तो बिंदू बाजूला सरकलेला असतो.

आउटपुट बरोबर आले की नाही एवढेच पाहिले, तर सर्किट कोणत्या कॉर्नरला अडले ते कळते, का अडले ते कळत नाही. माझ्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी सर्किट बाजूला ठेवून एकट्या ट्रान्झिस्टरचे गुणधर्म पाचही कॉर्नरमध्ये आलेखावर मांडून पाहावेत. आता त्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज उरलेली नाही. १९७०च्या दशकात बर्कली विद्यापीठात जन्मलेल्या स्पाइस या सर्किट सिम्युलेटरचा मुक्त वारसदार एनजीस्पाइस कोणालाही उतरवून घेता येतो. २०२०मध्ये गूगल आणि चिप बनवणारी स्कायवॉटर कंपनी यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेची मॉडेल्स खुली केली. पुण्यातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी हे काम आपल्या लॅपटॉपवर करू शकतो.

अडचण येते ती तपशिलात. व्होल्टेज बदलत नेताना थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होऊ लागतो तो गेटचा व्होल्टेज) किंवा ट्रान्सकंडक्टन्स (गेटचा व्होल्टेज बदलला की प्रवाह किती बदलतो ते) हवा असेल, तर सिम्युलेशन सुरू होण्यापूर्वीच तो साठवण्याची सूचना द्यावी लागते. हे ट्रान्झिस्टरच्या पोटातले आकडे सिम्युलेटर आपणहून जपून ठेवत नाही. स्कायवॉटरच्या मॉडेलमध्ये ट्रान्झिस्टर एका उपसर्किटात गुंडाळलेला असल्याने त्याचे आतले पूर्ण नाव द्यावे लागते. शिवाय मॉडेल फाइलमध्ये लिहिलेला थ्रेशोल्ड आणि चालू सर्किटमधला थ्रेशोल्ड हे वेगळे आकडे आहेत, कारण दुसरा ड्रेन आणि बॉडी या ट्रान्झिस्टरच्या इतर टोकांवरच्या व्होल्टेजनुसार बदलतो. आलेखावर दुसराच हवा. कॉर्नर बदलताना मॉडेल फाइलचा वेगळा विभाग वाचावा लागतो, म्हणून एका छोट्या स्क्रिप्टने पाच नेटलिस्ट, म्हणजे सर्किटची लेखी वर्णने, तयार करून त्यांचे निकाल एकाच आलेखावर आणणे सोयीचे पडते.

असा आलेख काय दाखवतो? समजा, थ्रेशोल्ड ०.४५ व्होल्ट आहे, गेटवर ०.६ व्होल्ट दिले आहेत आणि कॉर्नरमुळे केवळ थ्रेशोल्ड ५० मिलिव्होल्टने वर-खाली होतो. थ्रेशोल्डच्या वर उरणारा व्होल्टेज एसएसमध्ये ०.१० आणि एफएफमध्ये ०.२० होईल. प्रवाह ढोबळमानाने त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दोहोंत चौपट तफावत पडेल. गेटवर १.८ व्होल्ट दिले, तर याच नियमाने ती तफावत सुमारे १६ टक्क्यांवर येते. डिजिटल सर्किट कॉर्नर सोसते आणि ॲनालॉग सर्किट डगमगते, याचे एक मोठे कारण या आकडेमोडीत आहे.

खरी गंमत आडवा अक्ष बदलल्यावर येते. गेटच्या व्होल्टेजऐवजी तिथे प्रति मायक्रॉन रुंदीचा प्रवाह घ्यावा आणि उभ्या अक्षावर ट्रान्सकंडक्टन्स भागिले प्रवाह, म्हणजे खर्चलेल्या प्रवाहामागे किती नियंत्रण मिळाले ते. आधी फाकलेल्या पाचही रेषा आता एकमेकींच्या खूप जवळ येतात. प्रवाह अगदी कमी असताना तर त्या जवळपास एकरूप होतात, कारण तिथली कमाल मर्यादा मुख्यतः तापमान ठरवते. २७ अंशांना ती प्रति व्होल्ट सुमारे ३९ असते, उणे ४० अंशांना सुमारे ५० आणि १२५ अंशांना सुमारे २९. खऱ्या ट्रान्झिस्टरचा आकडा याहून काहीसा कमी येतो. गेटला ठरावीक व्होल्टेज देण्याऐवजी करंट मिररने (एका प्रवाहाची नक्कल करणाऱ्या सर्किटने) ठरावीक प्रवाह देण्याची पद्धत का रूढ झाली, हे या एका आलेखातून पटते.

प्रवाह स्थिर ठेवला म्हणून सगळे सुटत नाही. थंडीत थ्रेशोल्ड वाढतो. त्यामुळे एसएस कॉर्नर, उणे ४० अंश आणि १.८वरून १.६२ व्होल्टपर्यंत उतरलेला पुरवठा एकत्र आले की तोच प्रवाह वाहण्यासाठी गेटला जास्त व्होल्टेज लागतो, आणि एकावर एक रचलेल्या ट्रान्झिस्टरना काम करायला पुरेसा व्होल्टेज, म्हणजे जागा, उरत नाही. उलट त्याच प्रवाहाला ट्रान्सकंडक्टन्स सर्वात कमी मिळतो तो १२५ अंशांना. म्हणजे ‘सर्वात वाईट कॉर्नर’ असा एकच नसतो, प्रत्येक गुणधर्माचा वेगळा असतो. पाच कॉर्नर, तीन तापमाने आणि तीन पुरवठे मिळून होणाऱ्या ४५ सिम्युलेशनपैकी कोणती आधी चालवायची, हे ट्रान्झिस्टरचे आलेख समोर असले की ठरवता येते. जागा अपुरी पडत असेल तर ट्रान्झिस्टर रुंद करायचा, आणि उष्णतेत गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) घसरत असेल तर तापमानाबरोबर वाढणारा बायस प्रवाह, म्हणजे ट्रान्झिस्टरला कायम दिलेला प्रवाह, द्यायचा.