हिरवा दिवा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर परवा लेथवर काम करणाऱ्या पोरांचा ड्रॅग रेसवरून वाद चालला होता. "मोठ्या सीसीची गाडीच जिंकणार की! बघायचं काय त्यात?" हा समज मला फार खटकतो, कारण हौशी गटांतली खरी चुरस त्याच्या नेमकी उलट आहे.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांची सरळ रस्त्यावरची शर्यत; अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. आपल्या बैलगाडी शर्यतींत आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्या कोवळ्या बैलांचा गट वेगळा ठेवतात. 'ब्रॅकेट' प्रकारात मात्र लहानमोठ्या गाड्या एकमेकींसमोर उभ्या राहतात. किती सेकंद लागतील ते प्रत्येकाने आधी सांगायचं. समजा जुन्या आरएक्स १०० वाल्याने १८ सांगितले, ३९० सीसीवाल्याने १४. मग आरएक्स ४ सेकंद आधी सुटते. सांगितलेल्या वेळेच्या आत एकटाच पोचला, तर तो बाद.

आता सुटण्याची गोष्ट. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. डोळ्यांनी बघून हात हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. पुढे क्लच पकडणार, चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या सेन्सरच्या किरणातून बाहेर पडणार. म्हणून हिरव्याची वाट बघायची नसते, तिसऱ्या पिवळ्यालाच क्लच सोडायचा. चाक हिरव्याच्या आधी किरणातून सुटलं की लाल दिवा, म्हणजे बाद! हँडलला बांधलेलं लिंबू किंवा टाकीत ओतलेली 'बूस्टर'ची बाटली इथे काही करू शकत नाही, सरावच लागतो.

धावेचं घड्याळ हिरव्यावर नाही, चाक किरणातून सुटल्यावर सुरू होतं. हिरव्यानंतर सुटायला लागलेला वेळ वेगळा मोजतात. तो आणि सांगितल्यापेक्षा धावेला जास्त लागलेला वेळ मिळून एकूण चूक; जिची चूक कमी ती गाडी जिंकते. आरएक्स ०.०५ सेकंदात सुटली आणि धावली १८.०६, एकूण चूक ०.११. मोठी गाडी ०.१२ ला सुटली, धावली १४.०१, चूक ०.१३. म्हणजे धाव मोठ्या गाडीची चोख, पण ०.०२ सेकंदाने जिंकली आरएक्स. ताशी १५० किलोमीटर वेगाला ०.०२ सेकंद म्हणजे जेमतेम ८३ सेंटीमीटर!

साडेतीनशे मीटरपर्यंत आरएक्स चांगली पुढे, मागून मोठी गाडी अंतर खात येते आणि रेषेवर दोघी जवळजवळ जुळतात. पुढचा गडी मान वळवून बघतो, कारण गरजेपेक्षा जास्त पळालो तर बाद होऊ ही धास्ती असते, आणि कधीकधी ऐन रेषेआधी ब्रेकला हात घालतो.